कडेचा दगड

साक्रीच्या रस्त्यावरचं शेवटचं वळण संपलं की उजव्या हाताला भिंत दिसते, हे दिपमालाला पाठ होतं. वळण संपलं. भिंत दिसली नाही.

"मामा, जरा थांबवा."

तोताराममामांनी जीप कडेला घेतली. "काय वं, मळमळतंय का?"

"आपण रस्ता चुकलो का?"

"मी? या रस्त्यावर मी जन्मभर एस.टी. चालवली. चुकायला दुसरा रस्ता तरी पाहिजे."

दिपमाला खाली उतरली. फेब्रुवारी संपत आला होता. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या शेतात उभ्या होत्या, लांबचा डोंगर होता, वीजवाहिनीचे मनोरे होते. डिसेंबरात जिथे काळी भिंत उभी होती, तिथे आता एक लांबट, उथळ खड्डा होता आणि त्याच्या काठावर राखाडी भुकटी. पलीकडे ताडपत्री टाकलेलं खडीमशीन.

ही भिंत माणसाने बांधलेली नव्हती. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, खालून लाव्हा त्यांत शिरला आणि तिथेच थिजला. पुढे भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला टणक दगड उभा राहिला. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. धुळे जिल्ह्यात अशा भिंती शेतांमधून सरळ रेषेत कोसच्या कोस जातात. इतर ग्रहांवरही लाव्हा असाच भेगांत शिरून थिजलेला आहे. दिपमाला अहमदाबादच्या एका संस्थेत ग्रहांच्या भूशास्त्रावर संशोधन करत होती, आणि तिचं सगळं काम या एका भिंतीवर उभं होतं.

"रस्ता रुंद होतोय ना," मामा मागून म्हणाले. "खडी कुठून येणार? चंद्रावरून?"

दिपमालाने वाकून काठावरची भुकटी बोटांत घेतली.

तिला एकच दगड हवा होता. चंद्रावर उतरणाऱ्या एका पुढच्या यानासाठी तिच्या संस्थेत एक यंत्र तयार होत होतं. ते दगडावर लेसरचा ठिपका मारायचं आणि उडणाऱ्या ठिणगीच्या प्रकाशावरून दगड ओळखायचं. त्याची चाचणी निर्वात पेटीत व्हायची होती, आणि पेटी याच आठवड्यात मोकळी होती. दिपमालाने सहा दगड द्यायचे कबूल केलं होतं. एकाच भिंतीचे, मधोमधपासून कडेपर्यंत ओळीने घेतलेले. मधला लाव्हा सावकाश थंड होतो, त्यात कण मोठे दिसतात. कडेचा लाव्हा थंड खडकाला टेकताक्षणी गोठतो, त्यात भिंगाखालीही कण दिसत नाहीत. यंत्राला हा फरक लांबून ओळखता येतो की नाही, हाच प्रश्न होता. सहावा, म्हणजे कडेचा दगड गुरुवारी सपाट काप घेताना करवतीखाली फुटला. नुसता फुटला नाही, भुगा झाला.

"सोमवारी सकाळी सहाही दगड हजर असतील तर तुझे," तिच्या गटाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. "नसतील तर कच्छचे दगड ठेवू. ते तयार आहेत." मॅडम रागावल्या नव्हत्या. त्या नुसतं सांगत होत्या. ज्याचे दगड पेटीत जाणार, तोच पुढे यंत्राच्या गटात राहणार, यान उडेपर्यंत आणि उतरल्यावरही. आज शनिवार होता.

डिसेंबरात कडेचे दोन तुकडे घेता आले असते. पण कडेचा दगड काढायला फार वेळ लागला होता, ऊन चढलं होतं, आणि भिंत कुठे पळून जाणार होती?

"ते बघ," मामा म्हणाले. "थोडी शिल्लक आहे."

खड्ड्याच्या पूर्व टोकाला, एका निंबाखाली, कमरेएवढा काळा दगड उभा होता. त्यावर भगवं निशाण फडफडत होतं. दिपमाला धावत गेली आणि जवळ पोचल्यावर उभी राहिली. दगडाला शेंदूर होता. थरावर थर, तेलाने चकचकीत. खाली उदबत्तीची राख, नारळाच्या शेंड्या, एक पणती. शेंदराच्या खालून एका जागी ऑइलपेंटचं नारिंगी टोक डोकावत होतं. तो बाण होता. दगड जागेवर कसा बसलेला आहे हे कळावं म्हणून फोडण्याआधी काढलेला, तिच्या स्वतःच्या हातचा बाण.

ती मामांकडे वळली.

"मी काय केलं?" मामा म्हणाले.

"तुम्ही नारळ फोडला होता."

"मग? पोरीचं पहिलं काम. शुभ कामाला नारळ फोडू नये?"

"इथेच फोडलात. या दगडावर. आणि कुंकू लावलंत."

"हातोडीला लावलं. उरलेलं दगडाला पुसलं. बोटाला काय ठेवू?" मग त्यांचा आवाज खाली आला. "आयला. आपण देव बसवला का काय?"

दिपमाला दगडाच्या मागे गेली आणि गुडघ्यांवर बसली. मागची बाजू जमिनीलगत कोरी होती. तळहाताएवढी जागा, ना तेल ना शेंदूर. आणि ती कडच होती. पलीकडचा भाजून लालसर झालेला खडक तिला चिकटलेला दिसत होता. चांगली छिन्नी आणि मोजके घाव.

"कोणी नाहीये," मामा रस्त्याकडे बघत म्हणाले. "मागचा एक टवका काढ. देव काय मागे वळून बघतोय?"

तिने पिशवीतून छिन्नी काढली. दगडाला टेकवली.

"कोन शे वं?"

पऱ्हाट्यांतून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात तेलाची वाटी. दिपमालाने छिन्नी मांडीखाली सरकवली, आणि सरकवताना तिला स्वतःचीच लाज वाटली. बाईने आधी जीप पाहिली, मग मामांना, मग तिला.

"तू ती डिसेंबरवाली ना? टोपी घालेल पोर?"

"हो, अक्का."

"मी पुष्पाबाई. हाई वावर मन्हं." तिने पणतीत तेल ओतलं. वात सारखी केली. "काढ ती छिन्नी. मांडीले लागी जाई."

मामा खाकरले आणि निंबाच्या शेंड्याकडे बघू लागले.

दिपमालाने छिन्नी काढून समोर ठेवली. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने सगळं सांगितलं. सहा दगड, करवत, सोमवार. चंद्राचं सांगताना तिला नेहमी वाटायची तशी भीती वाटली, की समोरचा हसेल. पुष्पाबाई हसली नाही. ती दगडाशेजारी बसून ऐकत होती.

"तो बाण माझा आहे, अक्का," दिपमाला शेवटी म्हणाली. "दगडावर खूण करतो आम्ही. तो देव नाही."

"बाण तुन्हा शे, माले ठाऊक शे," पुष्पाबाई म्हणाली. "शेंदूर मीच लावा."

निशाण फडफडलं. मामांनी मान खाली आणली.

"मशीन मन्हा बांधलगून उनं व्हतं. सुरुंग उडे तं घरन्या भिती तडकेत. म्हातारी सासू आठ दिन झोपनी नही. कोनले सांगू? मंग तुन्हा बाण दिसना, फोडेल नारयनी कवटी दिसनी. म्हनलं, देव शे." तिने पदराने दगडावरची धूळ झटकली. "त्याच दिन पोकलेनना दात तुटना आठे. मुकादम घाबरना. मशीन थांबनं. ते मी करं नही हां, ते त्यानंच करं." तिने दगडाकडे हनुवटी केली.

"फक्त मागून, अक्का. दिसणार नाही."

"मुकादम रोज देखाले येस. टवका दिसना तं म्हनी, देखा, दगडच शे. सोमवारले मशीन चालू." ती दिपमालाकडे सरळ पाहत होती. "तुन्हा बी सोमवार, मन्हा बी सोमवार. काय करशी, सांग."

दिपमाला छिन्नीकडे बघत राहिली. एक टवका. पुष्पाबाई तिला हाताला धरून अडवणार नव्हती, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं. ती नुसती विचारत होती. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

दिपमालाने छिन्नी पिशवीत टाकली.

"च्या पी," पुष्पाबाई उठत म्हणाली. "तोंड उतरी गयं तुन्हं."

ती घराकडे गेली. मामा शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "दुसरी भिंत नाही का कुठे? या जिल्ह्यात भिंतींना काय तोटा?"

"पाच दगड या भिंतीचे आहेत. सहावा दुसरीचा चालणार नाही."

"मशीनने वरचं नेलं. खालचं?"

"खालचं खालीच आहे. भेग खोल असते. पण खणायचं म्हणजे..."

ती थांबली. भेग खोल असते आणि सरळ असते. तिने होकायंत्र काढलं, दगडाच्या कडेला लावलं, आणि रेषा पूर्वेकडे धरून नजर पुढे नेली. पऱ्हाट्या, मग बांध, मग हरभऱ्याचं रान. आणि त्या रानात, रेषेच्या अगदी जवळ, दगडमातीचा ताजा ढीग आणि लोखंडी यारीचा उभा खांब. यारी म्हणजे विहीर खणताना डबर वर काढायचं यंत्र.

"अक्का!" ती ओरडली. "ती विहीर कोणाची?"

विहीर पुष्पाबाईच्या मुलाची, नवलची होती. तो आणि यारीवरचा जीवराम ढिगाच्या सावलीत भाकरी सोडत होते. दिपमालाने आधी ढीग पाहिला. त्यात काळा दगडही होता, लालसरही. पण ढिगातला दगड सुरुंगाने उडालेला होता, आणि तो कोणत्या बाजूचा, कडेपासून किती आत, हे कोणीही सांगू शकलं नसतं. दगड जागेवरचाच हवा होता.

"मला खाली जायचंय," ती म्हणाली.

नवलने आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. "चंद्रावर जाणार शे ती. तुन्ही विहीर काय मोठी शे?"

"ताई, खाली सुरुंगाची भोकं मारून ठेवलीत," जीवराम म्हणाला. "दारू अजून भरली नाही. जेवणं झाली की भरणार आणि उडवणार. उद्या ती भिंत तिथे नसेल."

"तुमचं जेवण होईपर्यंत मी वर येते."

"आमचं जेवण लवकर होतं. भाजी तिखट आहे."

चोपडा गावात दिपमालाच्या घरामागे विहीर होती. आई तिला कठड्याजवळ जाऊ द्यायची नाही, खाली आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, राहतात म्हणायची. दिपमालाचा आसरांवर विश्वास नव्हता, पण विहिरीत वाकून तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. आता तिने हेल्मेट घातलं, पट्टा आवळला आणि यारीच्या बादलीत एक पाय ठेवला. बादली फिरली. दुसरा पाय उचलायला तिला वेळ लागला.

"यानात बसायचं म्हणते आणि बादलीला भिते," मामा म्हणाले. पण त्यांनी बादलीचा काठ इतका घट्ट धरला होता की जीवरामला त्यांची बोटं सोडवावी लागली.

दोर सुटू लागला. माती गेली, मुरूम गेला, मग खडक सुरू झाला. ऊन एका रेषेवर संपलं आणि गारवा आला. बादली हळूहळू स्वतःभोवती फिरत होती, त्यामुळे तिला भिंत एकदा डावीकडे दिसायची, एकदा उजवीकडे. तिने डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटल्यावर जास्त भीती वाटत होती. श्वास मोजू नये असं तिने ठरवलं. दगड मोजावेत. काळा. काळा. तांबूस. काळा.

बादली टेकली. खाली घोट्याएवढं पाणी होतं. कडेने सुरुंगाची भोकं होती, चिंध्यांचे बोळे कोंबलेली. आणि समोर, तिच्या छातीपासून पायापर्यंत, कड उभी होती. एका बाजूला काळा दगड, दुसऱ्या बाजूला भाजल्या विटेसारखा खडक, मध्ये सुरीने ओढल्यासारखी रेघ. तिने होकायंत्र लावलं. तीच दिशा. भिंग डोळ्याला लावलं. कण नाहीत. काळोख गोठल्यासारखा दगड.

तिने बाही कोपरापर्यंत वर सारली.

तिने बाण काढला, या वेळी खडूने, फोटो घेतला आणि छिन्नी टेकवली. पहिला तुकडा हातात आला तोच चुरा होऊन. आधीच्या सुरुंगांनी दगड आतून तडकला होता. दुसरा अख्खा निघाला, पण बोटांनी दाबताच मधोमध दुभंगला. गुरुवारचा तो करवतीचा आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

"ताई, भाजी संपली!" वरून जीवरामचा आवाज आला.

"पोरीला घाई करू नको," मामांचा आवाज. "अजून एक भाकरी खा."

सुरुंगाचा धक्का खाली कमी पोचला असेल. ती पाण्यात गुडघे टेकून बसली. पाण्याखाली हात घालून कडेवरून बोटं फिरवली. नखाला फट लागेना अशी जागा सापडेपर्यंत फिरवली. मग छिन्नी टेकवली आणि न बघता, नुसत्या आवाजावर घाव घालू लागली. भरीव दगडाचा आवाज वेगळा येतो. कितीतरी वेळ तो तसाच येत राहिला, आणि मग कड सुटली. मुठीपेक्षा थोडा मोठा तुकडा. तिने तो दाबून पाहिला नाही. तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

भिंतीवरचा खडूचा बाण तिने पाण्याने पुसून टाकला. उद्या ती जागाच नसणार होती, तरी पुसला.

बादलीत बसून तिने वर हाक मारली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. वरच्या गोल आभाळाच्या कडेला मामांचं डोकं दिसत होतं, ते नाहीसं झालं. मग काहीच ऐकू येईना. चिंधीचा एक बोळा तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर होता. दारू भरलेली नाही, दारू भरलेली नाही. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं आणि दोर ताणला गेला.

वर मामा एका हाताने डोळे पुसत होते. दुसऱ्या हातात नारळ होता.

"मामा, नाही."

"नुसता धरलाय."

"जीपमध्ये ठेवा."

चहा पिताना ती विहिरीकडे पाठ करून बसली. पुष्पाबाईने दगड हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि म्हणाली, "एवढासा?" मग लुगड्याच्या जुन्या फडक्यात गुंडाळून मामांच्या हाती दिला.

रविवारी सकाळी दिपमाला जळगावला हसनैनभाईंच्या कारखान्यात बसली होती. जळगावच्या खाणींतून निघणारे पांढरे-हिरवे स्फटिक परदेशी जातात. हसनैनभाई ते कापून, साफ करून द्यायचे. संस्थेतल्या करवतीवर दगड पुन्हा ठेवायची तिची छाती होत नव्हती. यांची करवत बारीक आणि संथ होती, आणि रात्रीची अहमदाबादची गाडी इथूनच होती.

हसनैनभाईंनी फडकं सोडलं. "हे काय?"

दगडाच्या बाहेरच्या अंगावर कुंकवाची दोन बोटं उमटलेली होती. ठळक, दगड ओला असताना लावलेली.

दिपमालाने डोळे मिटले. "हे माझे मामा."

"पुसू?"

"नको, पुसलं तर रंग फटींत जाईल. त्या बाजूचा जाड थर सोडून काप घ्या. तो भाग जाऊ दे."

करवत फिरू लागली. पाण्याची बारीक धार पात्यावर पडत होती. हसनैनभाई दगड पुढे ढकलत नव्हते, दगडाच्या वजनानेच तो सरकत होता. दिपमाला पात्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. निम्मा काप झाला असेल तेव्हा आवाज बदलला. जरा मऊ झाला. कच्छचे तयार आहेत.

"भाई..."

"ऐकतोय," ते म्हणाले. त्यांनी करवत थांबवली नाही.

आवाज पुन्हा कठीण झाला. मग पातं मोकळं फिरलं आणि त्यांनी बटण दाबलं.

काप त्यांनी पाण्यातून काढून तिच्या तळहातावर ठेवला. काळा, सपाट, अख्खा. मधून केसाएवढी एक पांढरी शीर गेली होती. तडा होता, पण फार पूर्वीचा, पाण्याने आणलेल्या खनिजाने भरून निघालेला. तिने तो दोन्ही अंगठ्यांनी दाबला. आधी हलके, मग जोर लावून. टिकला.

तिने मॅडमना संदेश पाठवला: सहावा मिळाला. एक शीर आहे, नोंद करते. लगेच उत्तर आलं: ठीक. उद्या नऊला पेटी बंद होईल.

आता गाडी वेळेवर यायला हवी होती. आणि वळकटीत ठेवलेला दगड रात्री सुरतेच्या आसपास कोणाच्या पायाखाली यायला नको होता. तिने बर्थ वरचा घेतला होता की मधला, हे पाहण्यासाठी तिने तिकीट उघडलं. वरचाच होता.

"हा तुकडा फेकू?" हसनैनभाईंनी दगडाची उरलेली बाजू उचलून दाखवली. कुंकवाची दोन बोटं त्यावर तशीच होती.

"नको, द्या इकडे," ती म्हणाली. तिने तो सहाव्या दगडाला लागणार नाही अशा बेताने वेगळ्या कागदात बांधला, आणि कागदावर काहीच लिहिलं नाही.